बत्तीस अंडी आणि एक सिमकार्ड

पाय मोडला त्या दिवशी सकाळीच आत्यानं बत्तीस अंडी उबवणीच्या मशिनमध्ये लावली होती. बदकांची अंडी, आणि तिच्या कळपातली शेवटची. आठवड्यापूर्वी कोल्हा खुराड्याच्या छपरातल्या भोकातून आत शिरला होता आणि त्यानं सगळा कळप फस्त केला होता. टोपलीत गोळा करून ठेवलेली ही अंडी घरात होती म्हणून वाचली. करड्या अंगाची, डोक्यावर तुरा असलेली ती बदकं आत्याच्या सासूबाईंच्या वेळेपासूनची. बाजारात तसली मिळत नाहीत. म्हणून अंडी लावून झाल्या झाल्या आत्या छपराचं भोक बुजवायला शिडीवर चढली आणि शिडीसकट खाली आली.

मांडीचं हाड मोडलं होतं. सळई घातली. डॉक्टर म्हणाले, घरी एकट्या राहता, तेव्हा चार आठवडे इथून हलायचं नाही. आत्यानं बोटं मोजली आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही एकदमच बाहेर पडणार." डॉक्टरांना काही कळलं नाही. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मशिन तसं शहाणं होतं. ऊब ते आपली आपण राखायचं, अंड्यांचे ट्रे मोटरवर दिवसभर हळूहळू कलते व्हायचे. माणसानं करायचं ते एवढंच, रोज सकाळी पाण्याचं भांडं भरायचं, म्हणजे आतली ओल कमी होत नाही. ते काम शेजारच्या सुतारभाऊंनी अंगावर घेतलं. मन मोठं, हात कसबी, पण एक खोड होती. काहीही विचारा, उत्तर एकच.

"भाऊ, अंडी कशी आहेत?" आत्या खाटेवरून फोनवर विचारायची.

"झकास."

"ऊब किती दाखवतंय?"

"झकास दाखवतंय, वहिनी. तुम्ही पायाकडे बघा."

फोन ठेवून आत्या भाचीकडे वळली. भाचीला घरात सगळे चिमणी म्हणत. एकोणतीस वर्षांची झाली तरी चिमणीच. रोज संध्याकाळी कामावरून सुटली की ती दवाखान्यात येऊन बसायची.

"माझं छप्पर वादळात उडालं होतं ना," आत्या म्हणाली, "तेव्हासुद्धा भाऊ 'झकास' म्हणाले होते. म्हणे आता ऊन चांगलं येईल."

चिमणी हसली, पण तिच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. ती पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत होती. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणाखाली, चिखलात बसलेले ते मीटर. त्यांच्यात काडेपेटीएवढं एक मोड्यूल असतं, त्याला सिमकार्ड असतं, मोबाईलला असतं तसंच. फरक इतकाच की मोबाईल दिवसभर बडबडतो आणि हे दिवसभर झोपतं. चोवीस तासांत एकदा उठायचं, टॉवरला गाठायचं, आकडा सांगायचा आणि परत झोपायचं. एका बॅटरीवर दहा वर्षं जातात.

"आत्या, तुझ्या मशिनमध्ये मी एक बसवून देऊ? तेच तुला कळवेल."

"माझा फोन बटणांचा आहे. त्यात चित्रंबित्रं दिसत नाहीत."

"चित्रं कशाला? मेसेज येतो ना?"

"तेवढा येतो."

"मग झालं."

कंपनीतल्या मोठ्या बाईंना विचारून चिमणीनं चाचणीतून बाद झालेलं एक मोड्यूल मागून घेतलं. ऊब आणि ओल मोजणारं बारकं सेन्सर तिच्याकडे होतंच. तीन संध्याकाळी टेबलावर डोकं घालून बसली. रविवारी सगळं एका डब्यात भरून ती पहिल्या बसनं आत्याच्या घरी गेली.

घराच्या मागच्या खोलीत मशिन होतं. जाड दगडी भिंती, वर पत्रा, एक झरोका. डबा मशिनच्या बाजूला लावला, सेन्सरची तार आत सोडली, बटण दाबलं. मोड्यूल उठलं आणि टॉवर शोधायला लागलं. शोधतंय, शोधतंय, शोधतच बसलंय. चिमणीनं डब्याला हात लावला तर तो कोमट झाला होता.

"आजारी आहे का?" सुतारभाऊंनी काळजीनं विचारलं. ते सकाळपासून तिच्या मागे उभे होते, हातात पाण्याचा तांब्या.

"नाही हो. सिग्नल मिळत नाहीये. मिळत नाही म्हणून जोर लावून ओरडतंय. असंच ओरडत राहिलं तर दोन दिवसांत बॅटरी संपेल."

"मग विजेवरच लाव की. मशिन विजेवरच आहे."

"वीज गेली तर? तेव्हाच तर त्यानं बोलायला हवं."

हे सुतारभाऊंना फार पटलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. अँटेना हातात धरून दोघं खोलीभर फिरली. दाराशी नाही, कोपऱ्यात नाही, मशिनवर नाही. झरोक्याबाहेर हात काढला तेव्हा कुठे मोड्यूलचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला.

"इथेच धरून उभी राहू नकोस," सुतारभाऊ म्हणाले आणि घरी गेले. अर्ध्या तासात ते सागाच्या लाकडाचा एक आधार घेऊन आले. झरोक्यात घट्ट बसणारा, टोकाला अँटेनेपुरती खोबण, आणि वरून पाऊस लागू नये म्हणून इवलंसं छप्पर. कडेला गोलाईसुद्धा काढली होती.

"भाऊ, हे कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"टॉवरला दिसेल की," ते म्हणाले.

पहिला मेसेज आत्याच्या फोनवर आला तेव्हा ती जेवत होती. '३७.५ ५८ १'. पहिला आकडा उबेचा, दुसरा ओलीचा, तिसरा विजेचा. वीज असेल तर एक, नसेल तर शून्य. आत्यानं चष्मा लावून तो चार वेळा वाचला. मग शेजारच्या खाटेवर गणिताच्या बाई होत्या, खुब्याच्या ऑपरेशनला आलेल्या, त्यांना दाखवला.

"बरोबर आहे का?" बाईंनी विचारलं.

"अगदी. बदकीच्या पोटाखाली असते तेवढी ऊब आहे."

आत्या त्या दिवशी पोटभर जेवली. पण चिमणीनं हौसेनं दर पंधरा मिनिटांनी मेसेज येईल असं ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत फोन वीस वेळा वाजला. आत्याचा फोन जुना, त्याचा आवाज कोंबडीचं शेपूट धरल्यासारखा. संध्याकाळी चिमणी आली तेव्हा सिस्टर खाटेशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तुम्हीच का त्या अंडीवाल्या? या वॉर्डात पेशंट झोपायला येतात हो."

"आवाज बंद करते," चिमणी म्हणाली.

"अजिबात नाही," आत्या म्हणाली. "मग मला कळणार कसं?"

चिमणीनं बॅटरीचा आकडा मागवून पाहिला. एका दिवसात तिनं कल्पना केली होती त्याच्या दसपट खाल्ली गेली होती. प्रत्येक वेळी उठून टॉवर गाठायचा म्हणजे मेहनतच. इतक्या गप्पा त्या बिचाऱ्याला झेपत नव्हत्या.

"आत्या, खरं सांग. तुला किती वेळा कळलं तर पुरे?"

आत्यानं विचार केला. "मी घरी असताना तीनदा बघते. उठल्यावर, दुपारी, झोपताना. मधे उगाच नाही बघत. त्याला सांग, काही बिघडलं तर मात्र तोंड उघड. नाहीतर गप्प बस. शहाण्या माणसासारखं."

चिमणीला एकदम जाणवलं की हेच वाक्य कंपनीत समजावून सांगायला मोठ्या बाईंना तासभर लागला होता. तिनं तिथेच बसून आपल्या फोनवरून मोड्यूलला हुकूम पाठवला. दिवसातून तीनदा. ऊब सदतीसच्या खाली किंवा अडतीसच्या वर गेली, किंवा वीज गेली, तर लगेच. पंधरा मिनिटांनी ते उठलं, हुकूम वाचला आणि झोपी गेलं. वॉर्डही झोपला.

चार दिवस छान गेले. गणिताच्या बाईंना दुसरं काही काम नव्हतं, त्यांनी एका वहीत रेघा मारून रोजचे आकडे मांडायला सुरुवात केली. पाचव्या दिवसापासून मात्र मधेच मेसेज यायला लागले. '३६.४'. दहा मिनिटांनी परत सगळं जागेवर. दुपारनंतर पुन्हा '३६.२'. परत जागेवर. चिमणीला वाटलं सेन्सरची तार सैल झाली. आत्याला वाटलं मशिन म्हातारं झालं. बाईंनी वही पुढे केली.

"बघा. सकाळी नाश्त्यानंतर आणि दुपारी चहानंतर. तीन दिवस, ठरल्या वेळी. तार काही नाश्ता करत नाही."

आत्यानं वहीकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"भाऊ, तुम्ही झाकण उघडता का हो?"

पलीकडे घासणारा रंधा थांबला. मग अगदी बारीक आवाजात, "कोण म्हणालं?"

"अंडी म्हणाली."

"दोनच मिनिटं उघडतो, वहिनी. बघतो जरा. एकटी असतात दिवसभर. दोन शब्द बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलता?"

"काही नाही. आज काय काम केलं, कुठलं लाकूड आलं. असंच."

आत्यानं फोनवर हात ठेवला, कारण तिला हसू आवरत नव्हतं आणि रागवायचं तर होतं. "बोला," ती शेवटी म्हणाली. "पण काचेतून बोला. ऐकू जातं त्यांना."

तेव्हापासून मधले मेसेज थांबले. सुतारभाऊ मात्र गावात सांगत सुटले की वहिनींना दवाखान्यात पडल्या पडल्या सगळं दिसतं, सांभाळून राहा.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दोनला मेसेज आला. '३७.४ ५७ ०'.

शेवटचं शून्य आत्यानं दोनदा पाहिलं. वीज गेली होती. तिनं सुतारभाऊंना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. पुढचा मेसेज, '३६.६'. चिमणीचा फोन आला, तो मेसेज तिलाही जात होता.

"आत्या, भाऊ फोन उचलत नाहीत. मी निघते. बस पकडली तर दोन तासांत पोचेन."

"घाबरू नकोस. बदकी पण पाण्यावर जाऊन येते, तासभर अंडी उघडीच असतात. गार होणं वेगळं आणि गारठणं वेगळं. तू कामावर थांब."

सांगताना आवाज शांत होता, पण आत्याचा दुसरा हात चादर चुरगाळत होता. गणिताच्या बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला. '३५.७'. सिस्टर औषधाची ट्रॉली तशीच सोडून खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. वॉर्डातल्या बाकीच्या चार बायकाही कोपरांवर रेलून बघत होत्या. आत्यानं सातव्यांदा फोन लावला आणि तो उचलला गेला.

"वीज गेली म्हणून करवत थांबली, तेव्हा कुठे फोन ऐकू आला," सुतारभाऊ म्हणाले. "नाही, खोटं कशाला बोलू, वीज गेली म्हणून पडलो होतो जरा. काय झालं?"

"अंडी गार होतायत. पाणी तापवा, बाटल्यांत भरा, फडक्यात गुंडाळा, ट्रेच्या खाली ठेवा. वरून गोधड्या घाला. हवेची भोकं सोडून सगळं मशिन झाका."

"निघालो," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा झकास म्हणाले नाहीत.

'३४.९'. मग '३४.८'. मग बराच वेळ काहीच नाही, आणि वॉर्डात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग '३५.३'. गणिताच्या बाईंनी वहीत टिंब मांडलं आणि पेन्सिलीनं वर जाणारी रेघ ओढली. "चढायला लागली," त्या म्हणाल्या. '३६.१'. '३६.९'. पावणेपाचला शेवटचा आकडा परत एक झाला. सिस्टरनी ट्रॉलीकडे जाता जाता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुमच्या बदकांपायी माझी औषधं दोन तास उशिरा."

त्या संध्याकाळी चिमणी आली तेव्हा आत्या म्हणाली, "तुझं ते काडेपेटीवालं यंत्र आहे ना, त्याला आज मी मनातल्या मनात दहा वेळा शाबासकी दिली. वीज नाही, माणूस नाही, आणि हे आपलं एकटं बसून खरं काय ते सांगत होतं."

चिमणीचे मीटर वर्षानुवर्षं चिखलात बसून आकडे सांगायचे, पण त्यांना कुणी शाबासकी दिल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. घरी जाताना ती उगाचच दोन स्टॉप आधी उतरली आणि चालत गेली.

पंचविसाव्या दिवशी आत्यानं सुतारभाऊंना ट्रेची मोटर बंद करायला सांगितली आणि पाण्याचं दुसरं भांडं ठेवायला लावलं. पिल्लं आता आत वळून बसतात, त्यांना हलवायचं नाही. ओल सत्तरवर जाऊन थांबली. सव्विसावा दिवस, सत्तर. सत्ताविसावा दिवस, सत्तर. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळीसुद्धा '३७.३ ७० १'. आत्या नाश्ता न करताच पडून राहिली.

"ठरल्या दिवशी कुणी येतं का?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "माझी मुलगी अकरा दिवस उशिरा आली."

"तुमची मुलगी अंड्यात होती का?" आत्या म्हणाली, पण तिनं चहा घेतला.

रविवार होता, म्हणून दुपारी चिमणीही खाटेशी होती. दीड वाजता ठरलेला मेसेज आला. '३७.५ ८१ १'.

चिमणीच्या कपाळाला आठी पडली. "एक्याऐंशी? पाणी सांडलं असेल सेन्सरवर. किंवा सेन्सरच गेलं." तिनं आपल्या फोनवरून पुन्हा आकडा मागवला. पंधरा मिनिटांनी आला. '३७.६ ८४ १'. "गेलंच. नक्की गेलं."

आत्या मात्र उठून बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचा आधार न घेता.

"काही गेलेलं नाही. ओल आतून येतेय."

"आतून म्हणजे?"

"अगं, पिल्लू बाहेर येतं ते चिंब ओलं असतं. एक आलं तर कळत नाही. पुष्कळ आली की खोलीभर दमट वास सुटतो. मशिनला तो वास कळला."

चिमणी फोनच्या इवल्या पडद्याकडे बघतच राहिली. हा आकडा तिनं ठेवला होता पाण्याचं भांडं रिकामं झालं तर कळावं म्हणून. त्यातून कुणी जन्माला आलेलं कळेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आत्यानं फोन लावला. "भाऊ, मागच्या खोलीत जा. झाकण उघडायचं नाही. काचेतून बघा आणि खरं सांगा."

पावलांचा आवाज आला. दार करकरलं. मग सुतारभाऊंचा श्वास.

"भाऊ?"

"वहिनी," ते म्हणाले. "फोन काचेला लावतो. तुम्हीच ऐका."

आत्यानं फोन स्पीकरवर टाकला. आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीतून बारीक, ओली, हट्टी चिवचिव. एक नाही, दोन नाही, एकावर एक. वॉर्डातल्या सहा खाटा आणि दारात उभ्या सिस्टर, सगळ्या ऐकत होत्या. टोकाच्या खाटेवरची म्हातारी ऐकू येत नाही म्हणून "काय झालं, काय झालं" विचारत होती, तर तिच्या शेजारणीनं तिच्या तळहातावर बोटं टोचून टोचून पिल्लं कशी फिरतायत ते दाखवलं. म्हातारीला कळलं आणि ती बोळक्या तोंडानं इतकं हसली की सिस्टरनाही हसू फुटलं.

"किती आहेत?" आत्यानं विचारलं.

"सतरा. नाही, एकोणीस. थांबा, हे मोजलं होतं. अहो ती एका जागी राहत नाहीत. सोळा."

संध्याकाळपर्यंत आकडा चौदा ते सव्वीसच्या मधे फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी पिल्लं सुकून खोक्यात काढल्यावर पक्का झाला. चोवीस. आठ अंडी तशीच राहिली. आत्यानं ती आठ बोटांवर मोजली, मग म्हणाली, "बदकीखाली सुद्धा एवढी निघत नाहीत."

चार दिवसांनी तिला घरी सोडलं. गणिताच्या बाईंनी वहीतलं ते पान फाडून तिच्या पिशवीत ठेवलं आणि सिस्टरनी कुबड्या कशा धरायच्या ते तिसऱ्यांदा समजावलं. चिमणीनं गाडी आणली होती.

फाटकाशी उतरल्यावर आत्या कुबड्या टेकत, एकेक पाऊल मोजत अंगणात आली. आठवड्याच्या आतली चोवीस पिवळी-करडी पिल्लं अंगणात होती. डोक्यावर तुऱ्याच्या जागी प्रत्येकाला कापसाच्या बोंडाएवढा पुंजका. आत्यानं सासूबाई द्यायच्या तशी हाक दिली, जीभ टाळूला लावून. तीस वर्षं त्या हाकेला बदकं धावत आली होती.

पिल्लांनी मानही वळवली नाही. त्यांच्यापुढे सुतारभाऊ चालत होते, हात मागे बांधून, अवघडून, कारण पायाखाली कोण येईल नेम नव्हता. ते डावीकडे वळले, चोवीस पिल्लं डावीकडे वळली. ते थांबले, सगळी थांबली. एक मागे राहिलेलं धडपडत येऊन त्यांच्या चपलेवर बसलं.

"वहिनी, मी काही केलं नाही," ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "घरी जायला निघालो की घरापर्यंत येतात. काल सगळी माझ्या कारखान्यात भुशात झोपली."

"डोळे उघडल्यावर पहिलं जे दिसतं ती त्यांची आई," आत्या म्हणाली. रागाचा आव आणायला गेली, पण कुबडीवर रेलून इतकी हसायला लागली की चिमणीला तिला धरावं लागलं.

"मग आता काय करायचं?" सुतारभाऊंनी विचारलं.

"करायचं काय? आईनं करायचं तेच. तळ्यावर न्या त्यांना, पोहायला शिकवा."

सुतारभाऊंनी चिमणीकडे पाहिलं, मग आपल्या विजारीकडे. मग खाली वाकून ती गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तळ्याकडे निघाले. मागे चोवीस पिल्लांची रांग, आणि त्यांच्या मागे, आपल्या गतीनं, कुबड्यांवर आत्या.